किनाऱ्यावर सापडलेल्या वस्तूंचे अतिवास्तववादी जुळणीशिल्प: क्रम, तयारी आणि नेहमी होणाऱ्या चुका

सापडलेल्या वस्तू एकमेकींना जोडून केलेले काम, ज्याला असेम्ब्लाज किंवा जुळणीशिल्प म्हणतात, ते कोकणात करणाऱ्यांच्या हातून जवळजवळ नेहमी एकाच प्रकारे बिघडते. वस्तू किनाऱ्यावरून घरी येते, नळाखाली धुतली जाते, संध्याकाळपर्यंत चिकटवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर व्हार्निश चढते. मे महिन्यात ती सुंदर दिसते. श्रावणात तिच्यातून तांबडे पाणी गळू लागते, गोंद पांढरा पडतो आणि सांधा सुटतो. माझा एक कंदील असाच गेला. काचेच्या जागी मी शिंपल्यांची उतरंड रचली होती. जुलैच्या शेवटी तळाच्या कड्यावर मोहरीएवढे गंजाचे ओले थेंब आले, ते बोटाने पुसले की तासाभरात पुन्हा येत, आणि महिन्याभरात तळ पत्र्यापासून वेगळा झाला. त्यात गोंदाचा दोष नव्हता. मी मीठ आत ठेवून वर दार लावले होते.

दुसरा बिघाड कल्पनेचा आहे. अतिवास्तववादी वस्तू, म्हणजे ओळखीच्या वस्तूंची स्वप्नातल्यासारखी अनपेक्षित जुळणी, म्हणून जे केले जाते ते पुष्कळदा शोभेची वस्तू होऊन बसते. शिंपल्यांचा मोर, बाटलीचा चेहरा, लाकडाची होडी. हे दोन्ही बिघाड टाळण्यासाठी कामाचा क्रम पाळावा लागतो, म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत. उदाहरण म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच काम धरले आहे: वाहून आलेले वल्ह्याचे पाते आणि मोडलेल्या घराच्या दाराचा लोखंडी कडी-कोयंडा.

१. गोळा करणे

उधाणाच्या भरतीनंतर, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे, ओहोटी पुरती लागल्यावर जावे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे भरती कमी चढते तेव्हा, समुद्र फारसे काही वर टाकत नाही. पावसाळ्यात सर्वांत जास्त वस्तू येतात, पण त्या काळात लाटेकडे पाठ करून वाकू नये आणि वाळूवरच्या ओल्या रेषेच्या वरच राहावे. सोबत जाड हातमोजे, गोणपाट, सुंभ आणि एक वही ठेवावी. वहीत वस्तू, जागा आणि तारीख लिहावी. पुढे मीठ काढताना कोणती वस्तू किती दिवस पाण्यात होती हे आठवणीवर सोडले तर गोंधळ होतो.

किनाऱ्यावर पडलेली प्रत्येक वस्तू बेवारशी नसते. सुरूच्या झाडाखाली ठेवलेले वल्हे, बोया किंवा जाळ्याचा तुकडा कोणाच्या तरी उद्याच्या कामाचा असतो. शेजारच्या होडीवाल्या दादांना किंवा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, माणसांना विचारून मगच उचलावे. विचारले की पुष्कळदा अधिक चांगली वस्तू मिळते. माझे वल्ह्याचे पाते असेच मिळाले, मुठीकडे मोडलेले आणि म्हणून कोणाच्याही उपयोगाचे न राहिलेले. घरातल्या जातीच्या वस्तू, म्हणजे विळी, कुलूप, बिजागरी, रहाटाची कप्पी, कंदील, या भंगारवाल्याकडे किंवा जुने घर उतरवले जात असेल तिथे मिळतात. या कामात समुद्राची वस्तू आणि घराची वस्तू अशा दोन्हींची गरज पडते, म्हणून केवळ किनाऱ्यावर अवलंबून राहू नये.

काय उचलू नये: प्रवाळ, समुद्रपंखा (पंख्यासारखे पसरणारे प्रवाळ), समुद्रघोडा आणि कासवाची पाठ किंवा हाड यांना हात लावू नये, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याखाली हे प्राणी संरक्षित आहेत आणि मेलेल्या प्राण्याचा अवयव बाळगणेही त्यात येते. काही मोठे शंखही त्या यादीत आहेत, तेव्हा ओळख पटल्याशिवाय मोठा शंख घेऊ नये. आत जीव असलेला शंख तर कधीच घेऊ नये. मालवणच्या सागरी अभयारण्यातून आणि किल्ल्यांच्या आवारातून काहीही उचलू नये. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा ठिकाणी कासवांच्या विणीच्या काळात वाळू उकरू नये आणि रात्री दिवे घेऊन फिरू नये. विसर्जनानंतर परत आलेले मूर्तीचे भाग आणि निर्माल्य ही कलेची सामग्री नव्हे, ती जागच्या जागी राहू द्यावीत. बंद पिंप, अनोळखी डबा किंवा धातूची नळी दिसली तर न हलवता पोलिसांना कळवावे.

२. मीठ काढणे

हा टप्पा सर्वांत लांब आहे आणि सर्वांत जास्त टाळला जातो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते, पण क्षार लाकडाच्या नळ्यांत आणि गंजाच्या थरांखाली बसून राहतात, हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि लोखंड आतून खात राहतात. वरून घासून लोखंड चकचकीत केले तरी पावसाळ्यात ते पुन्हा रडू लागते ते यामुळेच.

प्रथम जोडलेल्या वस्तू सुट्या कराव्यात. लाकडात लोखंडी खिळा असेल तर तो काढावा, कारण दोघांचे पाणी वेगळे आहे.

लाकूड: साध्या गोड्या पाण्यात पूर्ण बुडवून वर दगड ठेवावा. पहिल्या आठवड्यात रोज, पुढे तीन दिवसांनी पाणी बदलावे. पातळ फळीला तीन-चार आठवडे लागतात, वल्ह्याच्या पात्यासारख्या जाड लाकडाला सहा किंवा त्याहून अधिक.

लोखंड: सैल पापुद्रे तारेच्या ब्रशने झाडून, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात वस्तू बुडवावी. सोड्यामुळे बुडलेल्या अवस्थेत नवा गंज धरत नाही आणि क्षार बाहेर येत राहतात. दर आठवड्याला द्रावण बदलावे. कडी-कोयंड्याला महिना पुरतो. नंतर दोन-तीन वेळा साध्या पाण्यातून काढून लगेच उन्हात कोरडे करावे.

शिंपले आणि शंख: फक्त गोडे पाणी आणि दातांचा जुना ब्रश. व्हिनेगर, लिंबू किंवा फरशीचे ॲसिड वापरू नये. शिंपला चुनखडीचा असतो, आम्लात तो विरघळतो आणि त्याची चमक कायमची जाते.

इशारा: ॲल्युमिनियमची वस्तू सोड्याच्या पाण्यात घालू नये, ती काळवंडते आणि झिजते. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या घासू नयेत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण शिसे विषारी आहे. लाकडाला डांबराचे गोळे चिकटलेले असतील तर खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसून पाहावे. खोल मुरलेले असेल तर ते लाकूड सोडून द्यावे.

पाण्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि मचूळ पाण्यात वस्तू महिनाभर ठेवली तरी तिच्यातले मीठ एका मर्यादेपलीकडे उतरत नाही. पहिले पाणी विहिरीचे चालेल, शेवटची दोन पाणी तरी गोडी हवीत. आपल्याकडे याला उत्तम सोय आहे. पहिले एक-दोन पाऊस कौले धुऊन गेले की पागोळ्यांखाली पिंप ठेवावे आणि त्यातच लाकूड किंवा शिंपले बुडवावेत; लोखंड मात्र सोड्याच्या द्रावणातच ठेवावे. सबंध पावसाळा पाणी आपोआप बदलत राहते.

तपासणी: वस्तू दोन दिवस साध्या पाण्यात ठेवल्यावर त्या पाण्याचा एक थेंब काळ्या काचेवर ठेवावा आणि शेजारी न वापरलेल्या पाण्याचा दुसरा थेंब ठेवावा. दोन्ही वाळू द्यावेत. वस्तूच्या थेंबाचे पांढरे कडे दुसऱ्यापेक्षा ठळक असेल तर मीठ अजून येत आहे. सोड्याच्या द्रावणाची ही परीक्षा होत नाही, कारण सोडा स्वतःच पांढरा वाळतो.

३. सुकवणे आणि कीड

लोखंड उन्हात सुकवतात, लाकूड सावलीत. भिजलेले लाकूड थेट उन्हात ठेवले की बाहेरचा थर आधी आखडतो आणि टोकाकडून उभी भेग जाते. पडवीत, जमिनीपासून वर, दोन काठ्यांवर ठेवावे आणि दोन्ही टोकांवर मेण लावावे, म्हणजे टोके घाईने सुकत नाहीत. घाटावरचा कोरडेपणा आपल्या हवेत येणार नाही. तरी दर आठवड्याला काट्यावर वजन करावे आणि लागोपाठ दोन आठवडे वजन उतरले नाही की लाकूड तयार समजावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा यासाठी चांगला काळ.

पोखरलेल्या लाकडाला घाबरण्याचे कारण नाही. बोटाएवढी गोल भोके समुद्रातल्या किड्याने केलेली असतात आणि तो किडा पाण्याबाहेर जगत नाही. भीती असते ती टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांची. लाकडाखाली काळा कागद पसरून दहा दिवस थांबावे. कागदावर मैद्यासारखी ताजी भुकटी पडली तर आत भुंगेरा आहे. लहान तुकडा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावा. मोठ्याला टाकणखाराचे (बोरॅक्सचे) गरम द्रावण दोन-तीन वेळा पाजावे आणि पुन्हा सुकवावे.

४. कोणती वस्तू कोणाला भेटणार

लाकूड सुकते आहे ते आठवडे या विचारासाठी आहेत. या वेळी गोंदाची बाटली खोलीतही असू नये.

अतिवास्तववादी जुळणीत दोन दूरच्या जगांतल्या वस्तू अशा भेटतात की त्यांपैकी निदान एकीचे रोजचे काम थांबते, पण तिची ओळख पुसली जात नाही. कलाकार मॅन रे यांनी १९२१ साली इस्त्रीच्या तळाला खिळ्यांची एक रांग चिकटवली. इस्त्री इस्त्रीच राहिली, फक्त आता ती कापड फाडेल. कलाकार मेरेट ओपनहाइम यांनी १९३६ साली कप, बशी आणि चमचा यांवर केसाळ कातडे चढवले, आणि पाहणाऱ्याच्या ओठांना ते आधी कळते. दोन्ही कामांत वस्तू थोड्या आहेत, बदल एकच आहे आणि तो काटेकोर आहे.

करून पाहण्याची रीत अशी. जमवलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव एका चिठ्ठीवर लिहावे, समुद्राच्या चिठ्ठ्या एका वाडग्यात आणि घराच्या दुसऱ्यात घालाव्यात, आणि न पाहता एकेक उचलून वीस जोड्या लिहून काढाव्यात. बुद्धी सवयीच्या जोड्या करते, शंखाशेजारी जाळे ठेवते. चिठ्ठी तसे करत नाही. वीसपैकी पंधरा जोड्या निकामी निघतील. उरलेल्या पाच प्रत्यक्ष शेजारी मांडून पाहाव्यात, उलट्या, आडव्या आणि वजनाच्या विरुद्ध दिशेने.

प्रत्येक जोडीला तीन प्रश्न विचारावेत. दुरून पाहिले तरी दोन्ही वस्तू ओळखू येतात का? कोणते काम आता होऊ शकत नाही? आणि ही जोडी एका वाक्यात समजावून सांगता येते का? तिसऱ्याचे उत्तर सहज ‘होय’ आले तर जोडी कच्ची आहे. मोडक्या बाहुलीच्या हातात प्लास्टिकची बाटली दिली की प्रदूषणाचे भित्तिपत्रक तयार होते. त्याची गरज असेल, पण ते वेगळे काम आहे.

वल्ह्याच्या पात्यावर कडी-कोयंडा आणि बंद कुलूप, ही जोडी माझ्याकडे अशीच चिठ्ठीतून आली. पाते उभे केले की दाराच्या फळीसारखे दिसते, तरी ते वल्हे आहे हे लपत नाही. त्याला कुलूप लागले आहे. आत काय आहे, किंवा आपण आत आहोत की बाहेर, हे मला आजही सांगता येत नाही, म्हणून ती जोडी मी ठेवली.

नेहमीच्या चुका: तिसरी, चौथी आणि पाचवी वस्तू घालत जाणे ही पहिली. प्रत्येक नवी वस्तू आधीच्या भेटीचे बळ कमी करते. सगळ्यावर सोनेरी किंवा काळा रंग मारणे ही दुसरी, कारण मग मीठ खाल्लेले लाकूड आणि हाताने गुळगुळीत झालेली कडी यांतला फरकच उरत नाही. नाव आधी ठरवून त्याला शोभेल असे काम करणे ही तिसरी.

तपासणी: जोडी सुतळीने तात्पुरती बांधून घरातल्या येण्याजाण्याच्या वाटेवर आठवडाभर ठेवावी. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्याकडे लक्ष जाणे थांबले तर ती सोडून द्यावी.

५. लोखंड स्थिर करणे

कडी-कोयंड्यावर घट्ट बसलेला गंज खरवडून काढू नये, त्याला काळा करावा. १०० ग्रॅम हिरडा कुटून एक लिटर पाण्यात स्टीलच्या पातेल्यात अर्धा तास उकळावा आणि गाळून घ्यावा. लोखंडी कढई वापरली तर काढा आधीच काळा होतो. ब्रशने पातळ हात द्यावा. काही मिनिटांतच तांबडा रंग जांभळट होत जाऊन काळा पडतो. हिरड्यातले टॅनिन गंजाशी संयोग पावते आणि वर एक टिकाऊ थर धरते. एक दिवस सोडून असे तीन हात द्यावेत. लाकडावर हा काढा सांडू देऊ नये. जिथे लोखंडाचा अंश असेल तिथे काळे डाग उमटतात आणि ते निघत नाहीत.

६. सांधा

या टप्प्यावर मेण, तेल किंवा व्हार्निश अजून लागलेले नसले पाहिजे. मेणावर कोणताही गोंद धरत नाही, आणि हातघाईने आधी चकाकी आणणाऱ्यांचे सांधे इथेच सुटतात.

नियम असा की भार स्क्रूने किंवा तारेने पेलावा आणि गोंदाने फक्त हालचाल थांबवावी. पांढरा फेव्हिकॉल ओलाव्यात मऊ पडतो. फेव्हिक्विकचा सांधा कडक पण ठिसूळ असतो आणि आजूबाजूला पांढरी धूसर झाक सोडतो. दोन नळ्यांचा अराल्डाइट यासाठी योग्य, त्यातही पाच मिनिटांत धरणारा न घेता हळू धरणारा घ्यावा, म्हणजे जागा सुधारता येते. खोलगट भराव एम-सीलने करावा.

आधी दाभणाने लाकूड टोचून पाहावे. दाभण सहज आत जाईल तिथे स्क्रू धरणार नाही. स्क्रूच्या आट्यांच्या आतल्या जाडीएवढ्या ड्रिलने भोक पाडावे, टोकापासून निदान तीन बोटे आत. भोक न पाडता स्क्रू पिळला की जुने लाकूड रेषेत चिरते.

स्क्रू स्टेनलेसचे वापरावेत. दोन निराळ्या धातूंमध्ये खारा ओलावा आला की त्यांतला कमी प्रतिकाराचा धातू झपाट्याने झिजतो. मोठ्या लोखंडी पट्टीत लहान स्टेनलेस स्क्रू चालतो. याच्या उलट, तांब्याच्या पत्र्यात लोखंडी खिळा मारला तर तो खिळा एखाद्या पावसाळ्यात संपतो. शक्य तिथे मध्ये रबराचा वायसर द्यावा.

आता मनाजोगी जागा धरण्याचे काम. कडी पात्यावर नुसती ठेवली की ती पडलेल्या वस्तूसारखी दिसते. दारावर ती ज्या उंचीला असते तिथे, आणि फळीत जेवढी रुतलेली असते तेवढी रुतवावी. मी पात्याच्या मधोमध पट्टीच्या आकाराची खाच पटाशीने दोन मिलिमीटर खोल कोरली. त्या खाचेत पट्टी बसली आणि बोट फिरवले तर लाकूड कुठे संपते ते कळेना. त्या क्षणापासून वल्हे आणि कडी यांचा जन्मच एकत्र झाल्यासारखे वाटू लागले. अशक्य गोष्ट पाहणाऱ्याला पटते ती अशा दोन मिलिमीटरांमुळे, म्हणून या खाचेला मी सबंध दिवस दिला आणि तो जास्त झाला असे मला वाटत नाही.

तपासणी: आधी सगळे कोरडे जुळवून पाहावे, खुणा कराव्यात, सोडवावे, गोंद लागणाऱ्या जागा पॉलिश पेपरने खरखरीत कराव्यात आणि मगच गोंद लावावा. पुढे २४ तास हात लावू नये.

७. शेवटचा हात

लोखंड उन्हात तापवून त्यावर मधमाशीचे मेण घासावे आणि फडक्याने पुसून काढावे. लाकडाला मेणाचा अगदी पातळ हात पुरतो. जाड व्हार्निश नको, त्याखाली ओल अडकते आणि पापुद्रे निघतात. काम काचेच्या पेटीत बसवायचे असेल आणि त्यात शिंपले असतील, तर पेटीला मागून दोन लहान भोके ठेवावीत. बंद लाकडी पेटीत लाकडातून निघणारी आंबट वाफ साठते आणि शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरते.

८. टांगणे आणि पहिला पावसाळा

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत मऊ असते आणि तिच्यात लहान प्लग सैल होतो. लांब स्क्रू, दोन ठिकाणी आधार, आणि कामाच्या दुप्पट वजनाची वाळूची पिशवी त्याच आधारांवर रात्रभर टांगून केलेली परीक्षा, हे तिन्ही हवे. भिंत आणि काम यांच्यात बोटभर फट ठेवावी, नाहीतर आषाढात मागच्या बाजूला बुरशी धरते. पागोळ्या उडतात त्या बाजूची भिंत टाळावी.

जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला काम उतरवून पाहावे. लोखंडावर ओले तांबडे थेंब दिसले तर मीठ राहिले आहे, आणि मग पुसत बसण्यापेक्षा तो भाग सोडवून पुन्हा दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करावी. स्क्रू वापरले असतील तर सोडवणे तासाभराचे काम आहे. बुरशी कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडावी, ओल्या फडक्याने पुसू नये. कुलपात महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून ते उघडून पुन्हा लावावे. किल्ली कामाशेजारी टांगू नये, ती वहीच्या पाकिटात, वल्हे सापडल्याची तारीख लिहिली आहे त्या पानाशी ठेवावी.